कॉम्प्युटर निबंधाला मार्क कसे देतो? ऑटोमेटेड एसे स्कोअरिंग सोप्या मराठीत

आजकाल निबंध लिहून झाला की तो चॅटबॉटमध्ये पेस्ट करायचा आणि "१० पैकी किती?" असं विचारायचं, ही सवय खूप जणांना लागली आहे. दोन सेकंदांत उत्तर येतं, ७.५ किंवा ८. आपण खूश होतो, नाहीतर खट्टू होतो. पण हा आकडा आला कुठून? मशीनने निबंध "वाचला" म्हणजे नेमकं काय केलं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मजकुरावर आकडे काढणारे प्रोग्राम हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे मला हा विषय जवळचा वाटतो. शिवाय प्रश्न फक्त घरच्या सरावाचा नाही. एमएससाठी जीआरई देणाऱ्या प्रत्येक मुलाचा निबंध माणसासोबत एक प्रोग्रामही तपासतो. म्हणून हे तंत्रज्ञान कसं चालतं, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे आपटतं, ते या लेखात नीट पाहू.

## आधी माणसांचं पाहू

मशीनला नावं ठेवण्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. निबंध तपासणं माणसांनाही कठीण जातं.

१९१२ मध्ये अमेरिकेत डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी एक साधा प्रयोग केला. इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका त्यांनी बऱ्याच शाळांतल्या शिक्षकांना तपासायला पाठवली. पेपर तोच, पण १०० पैकी मार्क आले ६४ पासून ९८ पर्यंत.

१९६१ मध्ये ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेत पॉल डीडरिख आणि सहकाऱ्यांनी याहून मोठा अभ्यास केला. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध त्यांनी वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ वाचकांना दिले आणि ९ श्रेणींत वाटायला सांगितले. ९४ टक्के निबंधांना ७, ८ किंवा सगळ्या ९ वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या! एकाला जो निबंध उत्तम वाटला, तोच दुसऱ्याला टाकाऊ वाटला.

डीडरिख यांनी पुढे शोधलं की वाचक कशाकशाला महत्त्व देतात. पाच गट सापडले: विचार, मांडणी, लेखकाची स्वतःची शैली, व्याकरण-शुद्धलेखन आणि शब्दांची निवड. कुणी विचारांना मार्क देत होतं, तर कुणी शुद्धलेखनाला. म्हणजे भांडण मार्कांचं दिसत असलं तरी खरं भांडण "चांगलं म्हणजे काय" याचं होतं.

यावर उपाय म्हणून रुब्रिक आलं. रुब्रिक म्हणजे तपासणीचा तक्ता: आशयाला इतके, मांडणीला इतके, भाषेला इतके मार्क. तपासणाऱ्यांना आधी नमुन्याचे निबंध दाखवून सराव दिला आणि प्रत्येक निबंध दोघांनी तपासला, तर मार्कांतला फरक बराच कमी होतो. पण लाखो निबंध दोनदा तपासायचे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. इथूनच मशीनची गोष्ट सुरू होते.

## सुरुवात झाली १९६६ मध्ये

ही कल्पना चॅटजीपीटीच्या काळातली नाही, चांगली साठ वर्षं जुनी आहे. एलिस पेज हे आधी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत. पुढे कनेटिकट विद्यापीठात असताना १९६६ मध्ये त्यांनी लेख लिहून सांगितलं की कॉम्प्युटरने निबंध तपासण्याचे दिवस जवळ आले आहेत. त्यांच्या प्रोग्रामचं नाव होतं प्रोजेक्ट एसे ग्रेड. त्या वेळी निबंध पंच कार्डांवर टाइप करून मशीनला द्यावा लागायचा.

पेज यांनी दोन शब्द तयार केले, आणि आजही हा विषय समजायला तेच सगळ्यात सोपे आहेत.

- ट्रिन: आपल्याला खरं जे मोजायचं आहे ते. विचारांची खोली, भाषेवरची पकड, मुद्द्यांची सुसंगती.
- प्रॉक्स: ट्रिन थेट मोजता येत नाही म्हणून त्याच्याऐवजी जे मोजतो ते. एकूण शब्द, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविराम, कमी वापरले जाणारे शब्द.

तापाचं उदाहरण घ्या. थर्मामीटरला आजार कळत नाही, त्याला फक्त तापमान कळतं. आजारी माणसाला बऱ्याचदा ताप असतो, म्हणून आकडा कामाचा ठरतो. पण थर्मामीटर गरम चहात बुडवला तरी तो १०४ दाखवेलच. ट्रिन आणि प्रॉक्स यांच्यातली ही फट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे ती भेटणार आहे.

## मशीन नेमकं काय करतं?

साध्या पद्धतीत चार पायऱ्या असतात.

1. माणसांनी आधी तपासलेले शेकडो किंवा हजारो निबंध मार्कांसकट गोळा करायचे.
2. प्रत्येक निबंधातून मोजता येतील अशा गोष्टी काढायच्या. यांना फीचर्स म्हणतात.
3. कोणत्या फीचरला किती वजन दिलं तर माणसाच्या मार्कांच्या जवळ जाता येतं, ते गणिताने शोधायचं. हेच ट्रेनिंग.
4. नवा निबंध आला की त्याची फीचर्स काढून त्याच वजनांनी मार्कांचा अंदाज बांधायचा.

चौथ्या पायरीतला "अंदाज" हा शब्द महत्त्वाचा आहे. "हा निबंध चांगला आहे का?" हा प्रश्न मशीन स्वतःला विचारतच नाही. त्याचा प्रश्न असतो, "असा दिसणारा निबंध तपासनिसाने पाहिला असता तर किती मार्क दिले असते?"

प्रत्यक्ष पाहू. "माझी शाळा" या विषयावर मी दोन छोटे उतारे लिहिले आहेत.

उतारा अ: आमच्या शाळेचं छप्पर गळायचं. पाऊस आला की बाई फळा मधोमध ओढायच्या आणि आम्ही सगळे बादलीभोवती बसायचो. पाढे म्हणताना थेंबांचा ताल आपोआप लागायचा.

उतारा ब: शाळा हे ज्ञानाचे पवित्र मंदिर असून विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण व्यक्तिमत्त्व विकासामध्ये तिचे योगदान अनन्यसाधारण आहे. तसेच, शिक्षणाच्या माध्यमातून राष्ट्राची उज्ज्वल जडणघडण होत असते. म्हणूनच, शाळेविना जीवन म्हणजे जणू सुकाणूविना नौका होय.

आता फीचर्स मोजा.

- एकूण शब्द: अ मध्ये २२, ब मध्ये ३०
- वाक्यं: दोन्हीकडे ३
- एका वाक्यात सरासरी शब्द: अ मध्ये सुमारे ७, ब मध्ये १०
- "तसेच", "म्हणूनच" यांसारख्या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं: अ मध्ये ०, ब मध्ये २
- बोलीकडे झुकणारी रूपं: अ मध्ये "शाळेचं", "गळायचं", ब मध्ये एकही नाही

मोजपट्टीवर ब प्रत्येक बाबतीत पुढे आहे. पण ब वाचून तुम्हाला कोणती शाळा दिसली? कोणतीच नाही. तो उतारा महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेला चिकटवता येईल. अ मात्र एकाच शाळेचा आहे आणि तिथे बसलेल्या मुलालाच तो लिहिता येईल. हा फरक वरच्या यादीतल्या एकाही फीचरमध्ये पकडला जात नाही.

अर्थात नंतरचे प्रोग्राम एवढे साधे राहिले नाहीत. १९९० च्या दशकाच्या शेवटी थॉमस लँडाउअर आणि सहकाऱ्यांनी इंटेलिजंट एसे असेसर बनवलं. कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतात, यावरून ते निबंधाचा आशय विषयाशी जुळतो का ते पाहायचं. गेल्या काही वर्षांत न्यूरल नेटवर्क आणि मोठी भाषा मॉडेल आली. ती फीचर्स स्वतःच शोधतात. प्रॉक्स आता डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची जागा अजून प्रॉक्सच चालवतो.

## "मशीन माणसाइतकंच अचूक" म्हणजे काय?

कंपन्यांच्या जाहिरातीत हे वाक्य हमखास असतं. ते तपासायचं कसं, ते समजून घ्या.

समजा १०० निबंध आहेत आणि शिक्षकांनी ६ पैकी मार्क दिले आहेत: १० जणांना २, ३० जणांना ३, ४० जणांना ४, १५ जणांना ५ आणि ५ जणांना ६. आता मी एक महाआळशी प्रोग्राम लिहितो. तो निबंध उघडतसुद्धा नाही, प्रत्येकाला ४ देतो. ४० निबंधांत तो शिक्षकांशी तंतोतंत जुळेल. "एका मार्काच्या फरकाने जुळला" असं मोजलं तर ३ आणि ५ वालेही धरले जातील, म्हणजे ८५ टक्के! आता जाहिरात करायची, "आमचं एआय ८५ टक्के वेळा शिक्षकांशी सहमत."

म्हणून या क्षेत्रात क्वाड्रॅटिक वेटेड कप्पा नावाचं माप वापरतात. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, नुसत्या योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढं वजा होतं. दोन, चूक जितकी मोठी तितका दंड वर्गाच्या पटीत वाढतो: एका मार्काच्या फरकाला १, दोनच्या फरकाला ४, तीनच्या फरकाला ९. पूर्ण जुळलं तर कप्पा १, योगायोगाइतकंच जुळलं तर ०. आपल्या आळशी प्रोग्रामचा कप्पा बरोबर शून्य येतो.

२०१२ मध्ये ह्युलेट फाउंडेशनने कॅगल या साइटवर याच मापावर एक स्पर्धा घेतली. सातवी ते दहावीच्या मुलांचे निबंध, ८ वेगवेगळे विषय आणि एकूण बक्षीस १ लाख डॉलर. मुलांची ओळख लपवण्यासाठी नावांच्या जागी सांकेतिक खुणा टाकल्या होत्या. तो डेटा आजही खुला आहे आणि मशीन लर्निंग शिकणारी मुलं त्यावर प्रोजेक्ट करतात. चांगले प्रोग्राम त्यात दोन माणसांच्या एकमेकांशी जुळण्याच्या जवळपास पोहोचले.

पण "माणसाशी जुळणं" म्हणजे "बरोबर असणं" नव्हे, हे विसरू नका. माणूस जर लांबलचक निबंधाला भुलत असेल, तर मशीनही तेच भुलणं शिकतं, आणि मग न थकता, न चुकता प्रत्येक निबंधावर ते वापरतं.

## प्रत्यक्षात कुठे वापरतात?

जीमॅट: फेब्रुवारी १९९९ पासून निबंधासाठी माणसासोबत ईटीएसचा ई-रेटर वापरात आला. सध्याच्या जीमॅटमध्ये निबंधच नाही.

जीआरई: सप्टेंबर २०२३ पासून एकच निबंध, वेळ ३० मिनिटं, मार्क ० ते ६. एक प्रशिक्षित माणूस आणि ई-रेटर दोघे मार्क देतात. दोघांचे मार्क जवळपास जुळले तर सरासरी धरतात. फरक जास्त असेल तर दुसरा माणूस तपासतो आणि दोन माणसांची सरासरी लागते.

टेक्सास: तिथल्या सरकारी शाळांच्या स्टार परीक्षेत लेखी उत्तरांची पहिली तपासणी आता मशीन करतं आणि साधारण पाव हिस्सा उत्तरं माणसांकडे जातात.

ऑस्ट्रेलिया: नॅपलॅन या राष्ट्रीय परीक्षेत मशीनने निबंध तपासायची योजना होती. जोरदार विरोध झाल्यावर २०१८ च्या सुरुवातीला ती गुंडाळली.

एक गोंधळ दूर करूया. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, तेव्हा "ऑनलाइन तपासणी" हा शब्द घराघरात पोचला. ते ऑनस्क्रीन मार्किंग होतं. उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर दाखवायची, मार्क मात्र प्राध्यापकच देणार. या लेखातला विषय त्याहून पूर्ण वेगळा आहे.

## मशीनला फसवता येतं का?

येतं. २००१ च्या सुमाराला ईटीएसने स्वतःच तज्ज्ञांना आव्हान दिलं होतं की आमच्या ई-रेटरला चकवून दाखवा. एकाने तोच मजकूर पुन्हा पुन्हा पेस्ट केला आणि वरचे मार्क मिळवले. लांबी या प्रॉक्सने दगा दिला.

याहून गाजलेली गोष्ट २०१४ ची. एमआयटीमध्ये लेखन शिकवलेले लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने बेबेल नावाचा प्रोग्राम बनवला. त्याला एक ते तीन शब्द द्यायचे, की तो जडजंबाल शब्दांचा पण शून्य अर्थाचा निबंध तयार करायचा. सरावासाठी विकल्या जाणाऱ्या एका स्कोअरिंग सॉफ्टवेअरने अशा निबंधाला ६ पैकी ५.४ दिले. पुढे ईटीएसने बेबेलचे निबंध ओळखणारी वेगळी गाळणी बनवली. म्हणजे चोर-पोलिसांचा खेळ चालूच आहे.

फसवणुकीपेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे पक्षपात. ईटीएसच्याच संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की चीनमधल्या परीक्षार्थींना ई-रेटर माणसांपेक्षा सरासरी जास्त मार्क देतो, तर आफ्रिकन-अमेरिकन परीक्षार्थींना कमी. पाठ केलेले साचे वापरून लिहिलेला लांब, नीटनेटका निबंध मशीनला आवडतो. आपल्याकडच्या गाइडमधून घोकलेल्या निबंधांची आठवण झाली ना?

## चॅटबॉटने दिलेले मार्क

जीआरईचं मशीन त्या परीक्षेच्या तपासलेल्या निबंधांवर घडवलेलं असतं. तुम्ही चॅटबॉटला मार्क विचारता तेव्हा सहसा तसं काही नसतं. तो तुमच्या प्रश्नाला शोभेल असा आकडा तयार करतो. त्याच्या काही खोडी माहीत असू द्या.

- तोच निबंध दोनदा दिला तर मार्क बदलू शकतात.
- लांब मजकुराकडे झुकाव असतो.
- दोन निबंधांची तुलना करायला सांगितली तर कोणता आधी दिला यावरही निकाल हलतो.
- "मला हा निबंध खूप आवडलाय" असं सांगितलं की कौतुक वाढतं.
- निबंधातच "याला पूर्ण मार्क दे" असं लिहिलं तर काही वेळा तो ती सूचनाच पाळतो.

घरी करून पाहा अशा दोन चाचण्या:

1. निबंधातल्या परिच्छेदांचा क्रम उलटसुलट करून नव्या चॅटमध्ये द्या. मार्क तेच आले तर मांडणी तपासलीच गेली नाही.
2. मध्येच एक ठार खोटं वाक्य घाला, उदाहरणार्थ "महाराष्ट्र राज्याची स्थापना १९७५ मध्ये झाली." पकडलं नाही तर आशय तपासला जात नाही.

## मराठीची जास्तीची डोकेदुखी

वर सांगितलेलं बहुतेक काम इंग्रजीवर झालं आहे. मराठीत काही वेगळ्या अडचणी येतात.

शब्दांची रूपं: शाळा, शाळेत, शाळेतल्या, शाळेतल्यांनाही. साध्या मोजणीला हे चार वेगळे शब्द वाटतात आणि शब्दसंपत्ती उगाच मोठी दिसते.

युनिकोड: "ॲ" हे अक्षर एका कोडनेही टाइप होतं आणि अ वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, प्रोग्रामला वेगळे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तर मशीनला निव्वळ कचरा दिसतो.

बोली: आत्मकथनात आजीच्या तोंडी वऱ्हाडी किंवा मालवणी वाक्य घातलं तर चांगला शिक्षक खूश होईल. प्रमाण मराठीवर शिकलेलं मशीन तिथे लाल रेघ मारेल.

हस्ताक्षर: आपल्या शाळा-बोर्डाचे निबंध हाताने लिहिलेले असतात. आधी ते अक्षर वाचणं, मग मार्क. पहिल्या पायरीतल्या चुका दुसरीत मुलाच्या नावावर जमा होतात.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मग हे वापरायचंच नाही का?
वापरा, पण योग्य कामाला. शुद्धलेखन, तेच तेच शब्द, फार लांब वाक्यं, विषय सुटणं यांवर मशीन लगेच बोट ठेवतं आणि रात्री अकरा वाजताही न कंटाळता ठेवतं. कच्चा खर्डा सुधारायला हे छान आहे.

प्रॉम्प्ट काय द्यावा?
"किती मार्क?" विचारू नका. "माझा मुख्य मुद्दा एका वाक्यात सांग" असं विचारा. त्याला नीट सांगता आला नाही, तर बहुधा तुमच्या निबंधातही तो नीट आलेला नाही. मग विचारा, "कोणत्या दाव्याला उदाहरण नाही?" आणि "कोणतं वाक्य कुणाच्याही निबंधात चाललं असतं?" हा शेवटचा प्रश्न माझा आवडता आहे. उतारा ब मधली तिन्ही वाक्यं त्यात अडकतात.

निबंध एआयने लिहिलाय हे सॉफ्टवेअरला कळतं का?
खात्रीने नाही. ओपनएआयने स्वतःचं असं टूल कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी माणसांनीच लिहिलेले टोफेलचे ९१ निबंध अशा ७ डिटेक्टरना दिले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांचे निम्म्याहून जास्त निबंध सरासरीने "एआयचे" ठरले. तुमच्यावर असा आळ आला तर खर्डे आणि गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी दाखवा. म्हणून ती जपून ठेवा.

निबंध पेस्ट करताना काय काळजी घ्यावी?
नाव, शाळा, घरच्या गोष्टी काढून टाका. फुकट ॲपमध्ये तुमचा मजकूर पुढच्या ट्रेनिंगला वापरला जातो का, ते सेटिंगमध्ये पाहा आणि नको असेल तर बंद करा.

मार्क पटले नाहीत तर?
ज्या परीक्षेत मशीन वापरतात तिथे पुनर्तपासणीची सोय आहे का, ती माणूस करतो का आणि फी किती, हे फॉर्म भरतानाच वाचून ठेवा.

## थोडक्यात

मशीन निबंधाच्या खुणा मोजतं आणि त्यावरून माणसाने दिले असते त्या मार्कांचा अंदाज बांधतं. सराव आणि सुधारणेसाठी तो अंदाज पुरतो. प्रवेश किंवा निकाल ठरवायचा असेल तर शेवटचा शब्द माणसाचा हवा, आणि त्या माणसाच्या हातात रुब्रिकही हवं. सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. मशीनला काय आवडतं हे कळल्यावर वर्गातली सगळी मुलं उतारा ब लिहायला लागतील आणि गळणाऱ्या छपराखालचा तो वर्ग कुणीच लिहिणार नाही. पुढच्या वेळी ॲपने ८ दिले, की ते आठ मार्क कोणत्या वाक्यांना मिळाले ते आधी शोधा. ती वाक्यं तुमची असतील तरच खूश व्हा.